आयसीयूच्या दाराबाहेर: बारा पेरांचा थांबा

घरातलं माणूस आयसीयूत दाखल झालं की बाहेरच्यांची वेगळीच धावपळ सुरू होते. औषधांची चिठ्ठी घेऊन पळायचं, डिपॉझिट भरायचं, रक्ताची सोय बघायची, विमा कंपनीचा फोन घ्यायचा, गावाकडून निघालेल्या पाहुण्यांना रस्ता सांगायचा. त्यातच कुणीतरी येऊन म्हणतं, 'इथे सही करा.' हे सगळं ज्या डोक्यानं करायचं, ते डोकं त्या वेळी ठिकाणावर नसतं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं ठिकाणावर कसं आणायचं, ते इथे सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या दोन मिनिटांच्या थांब्यानं भीती जात नाही. आपलं माणूस आत आहे, भीती वाटणारच. पण थांबल्यावर पुढचं वाक्य आणि पुढची सही तुमची असते, भीतीची नसते. एवढ्यासाठीच थांबायचं.

आधी विचारा: 'किती वेळ आहे?'

काही वेळा थांबायचंच नसतं. डॉक्टर धावत बाहेर आले, 'नळी घालावी लागतेय, संमती द्या' म्हणाले, तर तो क्षण श्वास मोजायचा नाही. पण आयसीयूबाहेर प्रत्येक गोष्ट तातडीचीच वाटते, आणि खरी तातडी फार थोड्या गोष्टींत असते. दोन्ही वेगळं करणारा एकच प्रश्न आहे: 'डॉक्टर, यासाठी आपल्याकडे किती वेळ आहे?'

उत्तर मिनिटांत आलं, तर सही करा आणि थांबा नंतर घ्या. 'संध्याकाळपर्यंत सांगा' किंवा 'उद्याच्या राउंडला ठरवू' असं उत्तर आलं, तर आधी थांबा, मग निर्णय. हा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. सहसा येत नाही. उलट काय आत्ता करायचं आणि काय नंतर, हे नातेवाइकांना कळलं की डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

दोन मिनिटांचा थांबा

जागा महत्त्वाची. आयसीयूच्या दारासमोरच्या खुर्चीवर हे जमत नाही, कारण दार उघडलं की प्रत्येक वेळी छातीत धस्स होतं. जिन्याचा मधला टप्पा, पाण्याच्या कूलरजवळचा कोपरा, आवारातलं गणपतीचं छोटं देऊळ, पार्किंगमधला झाडाचा पार, यातली एक जागा पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. ती दारापासून मिनिटभराच्या अंतरावर असावी.

जाण्यापूर्वी कुणाला तरी सांगून जा: 'मी दोन मिनिटं जिन्यात आहे, नाव पुकारलं तर हाक मार.' हे न सांगता गेलात तर दोन्ही मिनिटं कान दाराकडेच राहतील. सोबत कुणीच नसेल तर सिक्युरिटीच्या माणसाला किंवा शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकाला सांगा. त्या बाकांवर बसलेली माणसं एकमेकांसाठी एवढं आनंदानं करतात. फोन त्यांच्याकडेच द्या, निदान खिशात उलटा ठेवा.

आता बसा. बसायला जागा नसेल तर पाठ भिंतीला टेका. गुडघे ताठ ठेवून उभं राहू नका. पोट रिकामं असताना तसं उभं राहिलं की चक्कर येऊ शकते. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवा.

पहिला श्वास घ्यायचा नाही, सोडायचा. घाबरलेल्या माणसाची छाती आधीच अर्धी भरलेली असते; तिच्यात आणखी हवा कोंबली तर घुसमट वाढते. म्हणून आधी तोंडानं हवा बाहेर सोडा, बशीतला गरम चहा फुंकावा तशी हळू. मग नाकानं मनात चार मोजत श्वास आत घ्या आणि सहा मोजत बाहेर सोडा. एक अंक म्हणजे अंदाजे एक सेकंद. असा एक श्वास दहा सेकंदांचा होतो.

मोजायला घड्याळ नको. अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर ठेवा आणि एका श्वासाला एक पेर पुढे सरका. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, मिळून बारा. बारा पेरं म्हणजे १२० सेकंद, म्हणजे बरोबर दोन मिनिटं. बोट पेरावर असलं की मन भरकटलं तरी आपण कुठे होतो ते सापडतं. शिवाय शेजारी बसलेल्याला वाटतं की तुम्ही जप करताय, त्यामुळे मध्येच कुणी बोलत नाही.

सोडलेला श्वास लांब का, हे कळलं तर विश्वास बसायला सोपं जातं. मनगटावर बोटं ठेवून बघा: श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंदावते. मेंदूकडून हृदयाकडे उतरणारी व्हेगस नावाची नस श्वास सोडताना हृदयाला जास्त आवर घालते. सोडण्याचा काळ वाढवला की हा आवरही जास्त वेळ राहतो. एरवी मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात, धास्तीत त्याहून जास्त. चार-सहाच्या मोजणीत ते सहावर येतात. सहा हा आकडा अगदीच नवा नाही. इटलीत २३ निरोगी माणसांवर झालेला एक अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, लॅटिनमधली प्रार्थना म्हणताना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला होता. त्यामुळे आकडे मोजणं कोरडं वाटत असेल तर पाठ असलेलं काही संथ लयीत म्हणा. रामरक्षा असो, हरिपाठ असो, तसबीह असो की वसईच्या घरांतली रोझरी. फक्त घाईनं उरकू नका. एक ओळ एका श्वासात सोडायची.

इथे काय बिघडतं

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे 'दीर्घ श्वास घ्या' या सल्ल्याचा अर्थ 'जोरजोरात मोठे श्वास घ्या' असा लावणं. तसं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. माणसाला वाटतं, आता आपल्यालाच काहीतरी होतंय. मुंग्या आल्या तर समजा की तुम्ही जास्त हवा घेताय. श्वास लहान करा. बाहेर सोडणं लांब ठेवा, आत घेणं थोडकं.

चार-सहा जमत नसेल, सहापर्यंत जाताना कोंडल्यासारखं होत असेल, तर तीन-चारवर या. आकड्यांना महत्त्व नाही, सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं की पुरे. दमा असलेल्यांनी, गरोदर बाईनं आणि हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखून धरायचा नाही. या पद्धतीत तसं कुठे करायचंही नाही.

रोज योग करणाऱ्यांसाठी एक सूचना. अशा वेळी कपालभाती आणि भस्त्रिका टाळा. त्या क्रिया चेतवणाऱ्या आहेत आणि तुमचं शरीर आधीच चेतलेलं आहे. भ्रामरी मात्र उत्तम, कारण गुंजारव करताना श्वास सोडणं आपोआप लांबतं. जिन्यात आवाजाचा संकोच वाटला तर ओठ मिटून अगदी बारीक आवाजात करा.

डोळे मिटावेत का? बहुतेकांना डोळे मिटले की आतल्या नळ्या आणि मशिनंच दिसायला लागतात. मग उघडेच ठेवा. समोरच्या एका फरशीकडे बघा: तिचा रंग, कडेची भेग, कोपऱ्यातला डाग. नजर एका जागी स्थिर राहिली की पुष्कळ काम होतं.

मध्येच रडू आलं तर श्वास मोजणं सोडून रडून घ्या. खूप रडून झालेलं मूल दोन टप्प्यांत श्वास घेतं, हुं-हुं, आणि मग लांब सुस्कारा टाकतं, तो शरीराचा स्वतःचा थांबा आहे. तेच मुद्दाम करता येतं: नाकानं एक श्वास, त्यावर लगेच आणखी एक छोटा, मग तोंडानं लांब सुस्कारा. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी ही पद्धत रोज पाच मिनिटं, महिनाभर लोकांकडून करून घेतली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात सजगतेच्या ध्यानापेक्षा हिच्यामुळे मनाची स्थिती जास्त सुधारलेली दिसली. आयसीयूबाहेर पाच मिनिटं मिळणं कठीण, पण असे तीन सुस्कारे लिफ्टमध्येही होतात.

आणि मध्येच 'झालो का शांत?' असं स्वतःला तपासू नका. तपासणं हीसुद्धा धास्तीच. बारावं पेर आलं की उठायचं. वाटो न वाटो.

श्वासावर लक्ष गेलं की उलट घाबरायला होतं असे काही जण असतात. त्यांनी तोंडावर गार पाणी मारावं किंवा गार पाण्यात बुडवलेला रुमाल कपाळ, डोळे आणि गाल झाकेल असा वीस-तीस सेकंद धरावा. चेहऱ्याला गारवा लागला की नाडी मंदावते, पाण्यात बुडी मारताना होतं तसंच. नाडी आधीच मंद असेल, हृदयाची लय बिघडण्याचा त्रास असेल किंवा त्यावर गोळ्या चालू असतील, तर हे करू नका. मनगटं आणि मान ओली केली तरी बरं वाटतं.

'टेन्शन' हा शब्द फोडा

अंग जरा सैल झालं की पुढची पायरी: काय वाटतंय त्याला नाव द्यायचं. 'टेन्शन आलंय' यात सगळं येतं आणि काहीच कळत नाही. धास्ती, चीड, अपराधीपणा, लाज, हतबलता, थकवा यातलं नेमकं काय? एक शब्द निवडा आणि एका कारणासकट पुटपुटा: 'मला अपराधी वाटतंय, कारण दोन दिवस आधी आणायला हवं होतं असं वाटतंय.' कारण एकच सांगायचं. दुसरं सुचलं तर ते पुढच्या थांब्यासाठी.

नाव दिल्यानं नेमकं काय होतं, हे मेंदूच्या स्कॅनमध्येही बघितलं गेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं २००७ साली दाखवलं, की भावनेला शब्द दिला की भीतीचा इशारा देणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी होते. व्यवहारातला फायदा त्याहून मोठा आहे. प्रत्येक शब्दाचा इलाज वेगळा असतो. धास्ती असेल तर माहिती हवी, म्हणजे राउंडची वेळ विचारा. चीड असेल तर नर्सशी बोलायला आत्ता जाऊ नका, बोलणं भलतीकडे जाईल. थकवा असेल तर विचार करणं बंद करा आणि खा. अपराधीपणाला आत्ता इलाज नाही. त्याला 'नंतर' म्हणून बाजूला ठेवायचं. त्याच्या भरात घेतलेले निर्णय, 'सगळ्यात महागडं जे असेल ते करा' यासारखे, पुढे घराला फार जड जातात.

नाव दिल्यावर एकच प्रश्न: पुढच्या एका तासात माझ्या हातात काय आहे? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं. पाणी पिणं, रिपोर्ट आणणं, आईला फोन करणं. त्यातलं एक काम वहीत लिहा, उठा आणि तेच करा.

वही घ्या, फोनवर विसंबू नका

शंभर पानी साधी वही आणि दोरीनं बांधलेलं पेन. फोन उघडला की आधी चाळीस मेसेज दिसतात, म्हणून वही. धास्तीत माणूस ऐकतो पण ते टिकत नाही: डॉक्टर पाच वाक्यं बोलतात आणि बाहेर आल्यावर त्यातला एकच शब्द डोक्यात घुमत राहतो, 'क्रिटिकल'. म्हणून भेटीला शक्यतो दोघं जा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त लिहायचं. वर तारीख, वेळ आणि डॉक्टरांचं नाव.

भेटीच्या आधी दारातच तीन लांब सुस्कारे टाका आणि हे तीन प्रश्न विचारा.

१. कालच्यापेक्षा आज काय बदललं?
२. पुढच्या २४ तासांत तुमचं लक्ष कशावर आहे?
३. आमच्याकडून कोणता निर्णय हवा आहे आणि कधीपर्यंत?

उत्तरं ऐकून झाल्यावर आपल्या शब्दांत परत सांगा: 'म्हणजे किडनी सुधारतेय, पण ताप उतरेपर्यंत नळी निघणार नाही, असंच ना?' चुकीचं समजलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं. रात्री दोन वाजता एकाच शब्दावर भावाभावांत होणारी भांडणंही यामुळे टळतात.

बाहेर आल्यावर दहा मिनिटं कुणालाही फोन नाही. आधी वही वाचा, बारा पेरं मोजा, मग बोला.

फोन

'कसं आहे आता?' हा प्रश्न दिवसात तीस वेळा येतो आणि विचारणाऱ्याच्या मायेत खोट नसते. पण प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगताना शरीर तो प्रसंग पुन्हा भोगतं. म्हणून हे काम दवाखान्याबाहेरच्या एका माणसाकडे द्या: चुलतभाऊ, मेहुणी, शेजारच्या काकू, कुणीही, ज्याचा आवाज शांत आहे. दिवसातून दोनदा एकच मेसेज, सकाळच्या राउंडनंतर आणि संध्याकाळी सातच्या सुमारास. मजकूर एवढाच: 'बाबा आयसीयूतच आहेत. आज ताप कमी आहे. पुढची बातमी संध्याकाळी सात वाजता कळवू. कृपया दवाखान्यात फोन करू नका, दादा आणि वहिनी आत असतात.' पुढची वेळ सांगितली की लोक थांबतात.

रिपोर्टमधले आकडे नेटवर शोधत बसू नका. एकेका आकड्याला अर्थ नसतो, त्याच्या कलाला असतो, आणि तो कल डॉक्टरांच्या तक्त्यात असतो. भेटीच्या वेळी मॉनिटरचा आवाज झाला तर आधी नर्सच्या चेहऱ्याकडे बघा. बोटावरचा सेन्सर सरकला किंवा रुग्ण हलला तरी तो वाजतो. ती सावकाश चालत येत असेल तर तुम्हीही श्वास सोडा.

खाणं, चहा, झोप

पोट रिकामं आणि डोळे तारवटलेले असताना कुठलाच थांबा चालत नाही. दर चार तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे, भूक असो वा नसो. पिशवीत केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, दशमी असू द्या. कँटीनपर्यंत जायचीही ताकद नसते तेव्हा हेच उपयोगी पडतं.

चहा हा दवाखान्यातला खरा धोका. कंटाळा आला, कुणी भेटायला आलं, राउंड झाला की चहा. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे रात्री आठच्या चहाचा निम्मा अंमल पहाटे एकपर्यंत शिल्लक. रात्री झोपायची पाळी असेल त्यानं दुपारी चारनंतर चहा बंद. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी हलकं वाटतं ते तल्लफ भागल्यामुळे. नाडी मात्र वाढलेलीच असते.

स्वतःच्या गोळ्या विसरणं फार सर्रास होतं. रुग्णाच्या औषधांमागे पळणारा मुलगा स्वतःची बीपीची गोळी चार दिवस घेत नाही आणि पाचव्या दिवशी तोच कॅज्युअल्टीत जातो. ज्यांना मधुमेह, बीपी, थायरॉइडच्या गोळ्या आहेत त्यांनी आठवड्याची डबी सोबत ठेवावी आणि दुसऱ्या कुणाला तरी आठवण करायला सांगावं.

पाळ्या लावा. एकानं सलग दोन रात्री काढायच्या नाहीत. आयसीयूत रात्री नर्स आणि डॉक्टर असतातच. बाहेर एक माणूस फोन चालू ठेवून असला की पुरतं, सात जणांनी जमिनीवर चादर टाकून जागायची गरज नसते. घरी गेलेल्यानं झोप येवो न येवो, सहा तास आडवं राहायचं. जागरण करून पहाटे टू-व्हीलर चालवत घरी जाऊ नका. रिक्षा करा.

घरातल्या घरात उडणाऱ्या ठिणग्या

'मोठ्या हॉस्पिटलात हलवूया', 'पैसे कोण भरतंय?', 'तू तेव्हा कुठे होतीस?' ही वाक्यं कॉरिडॉरमध्ये हमखास निघतात आणि वर्षानुवर्षं विसरली जात नाहीत. पहिल्याच दिवशी एक शब्द ठरवून ठेवा. 'पाणी पिऊन येऊ' कुणीही म्हणालं, तर वाद तिथेच थांबवायचा आणि दहा मिनिटांनी बसून बोलायचं. उभ्यानं वाद करायचा नाही. बसलं की आवाज खाली येतो.

रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत डॉक्टरांनी मागितला नसेल असा कुठलाही निर्णय घेऊ नका. एफडी मोडणं, दागिने गहाण टाकणं, व्याजानं पैसे घेणं, हे सगळं सकाळी. आणि त्याआधी एक फेरी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, योजनेचा टोल-फ्री क्रमांक १५५३८८. हॉस्पिटल धर्मादाय न्यासाचं असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. आयसीयूबाहेरची निम्मी घालमेल पैशाची असते. श्वास मोजून ती जात नाही, तिला कागद आणि टेबल लागतं. थांब्याचा उपयोग एवढाच, की त्या टेबलापर्यंत जायचं सुचतं.

दुसऱ्याला थांबवायचं असेल तर

आई हमसून रडतेय, भाऊ भिंतीवर मूठ आपटतोय. 'शांत हो' म्हणू नका, त्यानं कुणी शांत झालेलं नाही. 'सगळं ठीक होईल' हेही नको, कारण ते तुम्हाला माहीत नाही. समोर उभं राहण्याऐवजी शेजारी बसा. पाण्याची बाटली झाकण उघडून हातात द्या. घोट घेताना श्वास आपोआप अडतो आणि पुढचा हळू होतो. मग तुम्ही स्वतः ऐकू येईल असा लांब श्वास सोडत राहा, मोजायला लावू नका. दोन-तीन मिनिटांत शेजारच्याचा श्वासही बहुधा त्या लयीला येतो. त्यानंतर छोटा, हातात धरता येईल असा प्रश्न: 'चष्मा कुठे ठेवलास?', 'काकांना कळवायचं का?'

लहान मुलं घरी असतील तर त्यांना खरं सांगा, थोडक्यात: 'आजोबा खूप आजारी आहेत, डॉक्टर औषध देतायत, मी रात्री आठला फोन करीन.' आणि आठला फोन करा. वेळ चुकवू नका.

हे टेन्शन नाही, असं कधी समजायचं

छातीत दाब किंवा कळ, ती हातात, जबड्यात, पाठीत जाणं, थंड घाम, धाप: असं बाहेर बसलेल्याला झालं तर 'ताणामुळे असेल' म्हणून बारा पेरं मोजत बसू नका. हॉस्पिटलातच आहात, तडक कॅज्युअल्टीत जा. घरी असाल तर १०८. घबराटीचा झटका बहुधा दहा मिनिटांत कळसाला जाऊन ओसरतो, पण पहिल्यांदा होत असेल तर तो कशाचा, हे आपण ठरवायचं नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, दारू वाढलेली, 'यापेक्षा मेलेलं बरं' असे विचार येणं, यातलं काहीही असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणाऱ्याला त्या रात्री एकटं सोडायचं नाही.

बातमी वाईट आली तर

डॉक्टर 'जरा आत या, बसा' म्हणाले तर बसाच. उभ्यानं ऐकू नका. ऐकल्यावर लगेच फोन हातात घेऊ नका. पहिली दहा मिनिटं कुणाचीही नाहीत, तुमची आणि गेलेल्या माणसाची आहेत. 'आम्हाला आत जाऊन बघता येईल का?' असं विचारा. हात हातात घ्या, बोलायचं असेल ते बोला. बिल, दाखला, शववाहिका यांना अर्धा तास थांबवता येतं, आणि ते काम शक्यतो सख्ख्या नात्याच्या बाहेरच्या माणसाकडे द्या. घरच्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर सांगू नका. त्यांच्याजवळ कुणीतरी पोहोचू दे, मग त्यानं सांगावं. इथे श्वास मोजायचा नाही, नाव द्यायचं नाही, काहीच करायचं नाही. फक्त भिंतीला पाठ आणि जमिनीला तळवे टेकलेले असू द्या.

वॉर्डात आणल्यावर

रुग्ण आयसीयूतून वॉर्डात आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दोन दिवसांत बाहेरचा माणूस कोसळतो. ताप येतो, पाठ धरते, क्षुल्लक कारणावरून संताप होतो. इतके दिवस उसनी आणलेली ताकद शरीर परत मागत असतं. घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस थांबे चालू ठेवा. वेळ लक्षात राहत नाही, म्हणून ते कामांना बांधा: रुग्णाला सकाळची गोळी देण्याआधी बारा पेरं, जेवायला बसण्याआधी बारा, रात्री दिवा मालवल्यावर बारा. रुग्णाची तब्येत बरी असेल तर रात्रीची बारा पेरं दोघांनी मिळून मोजायला हरकत नाही. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार होऊन गेला असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. वहीत प्रश्नांचं पान अजून कोरं असेलच.